पहिल्याच डावावर शिक्कामोर्तब नको

ऑक्टोबर २०२५मध्ये सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीची दोन रूपं आठ-दहा दिवसांच्या आत क्रिकेटरसिकांना दिसली. रणजी हंगाम तोंडावर आलेला असताना गहुंज्याच्या मैदानावर महाराष्ट्र आणि मुंबई यांच्यात सराव सामना झाला. त्यात अर्शिनने १४० चेंडूंत १८६ धावा कुटल्या. दुसऱ्या टोकाला पृथ्वी शॉने १८१ केल्या आणि दोघांनी ३०५ धावांची सलामी दिली. त्यानंतर १५ ऑक्टोबरला तिरुवनंतपुरमला केरळविरुद्ध रणजीचा खरा सामना सुरू झाला. पहिल्याच षटकात निधीशने शॉला पायचीत केलं आणि पुढच्याच चेंडूवर अर्शिन स्लिपमध्ये झेल देऊन परतला. धावफलकावर एकही धाव नसताना महाराष्ट्राचे तीन गडी तंबूत होते.

पहिला डाव पाहून ‘पोरगं आता भारताकडून खेळणार’ असं म्हणणारे आणि दुसरा पाहून ‘सरावातला वाघ’ असा शिक्का मारणारे बहुतेक वेळा एकच असतात. नव्या खेळाडूच्या सुरुवातीच्या कामगिरीबद्दल आपल्याकडे काही समजुती घट्ट बसल्या आहेत. सोलापूर शहराने आणि जिल्ह्याने क्रिकेटला दिलेल्या खेळाडूंच्याच कारकिर्दी समोर ठेवून त्या तपासता येतात.

गैरसमज : सराव सामन्यात मोठी खेळी झाली, म्हणजे खेळाडू तयार झाला.

वस्तुस्थिती : सराव सामना जिंकण्यासाठी खेळलाच जात नाही. हंगामापूर्वी कोणाला किती षटकं टाकता येतात, दुखापतीतून उठलेल्याचं शरीर साथ देतंय का, कोणाला कुठल्या क्रमांकावर पाठवायचं, हे कर्णधाराला आणि प्रशिक्षकाला त्यात पाहायचं असतं. आपला हुकमी चेंडू गोलंदाज मुद्दाम राखून ठेवतो. एखादा फलंदाज स्थिरावला तरी त्याच्यासाठी खास क्षेत्ररचना लावण्याचा आटापिटा कोणी करत नाही. स्पर्धेच्या सामन्यात नेमकं हेच बदलतं. समोरच्या संघाने तुमच्या खेळाचं चित्रीकरण पाहिलेलं असतं, नवा चेंडू त्यांच्या सर्वोत्तम गोलंदाजाच्या हातात असतो आणि तिसरी स्लिप तुमच्यासाठीच उभी असते.

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये दर ऑगस्टला हीच चर्चा रंगते. तिथला क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. चेंडू हातात आल्यावर अवघ्या दोन-तीन सेकंदांत तो कोणाकडे फेकायचा, हे त्याला ठरवावं लागतं. हंगामापूर्वीच्या सामन्यांत मुख्य खेळाडू बहुतेक वेळ बाहेर बसलेले असतात आणि बचावाचे खरे डावपेच कोणी उघड करत नाही. पेटन मॅनिंगने १९९८मध्ये अशाच एका सामन्यात टाकलेला आपला पहिलाच पास ४८ यार्डांच्या टचडाउनमध्ये बदलला. मग खरा हंगाम सुरू झाला आणि त्याचे तब्बल २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी हिसकावले. त्याच्या इंडियानापोलिस संघाने १६पैकी फक्त ३ सामने जिंकले. पुढच्याच वर्षी त्याच संघाने, त्याच मॅनिंगच्या हाताखाली, १३ सामने जिंकले. त्या पहिल्या पासने आणि त्या २८ चुकांनी मिळूनही मॅनिंगचं भविष्य सांगितलं नव्हतं.

गैरसमज : पदार्पणात शून्य म्हणजे मोठ्या मैदानाचं दडपण पेलत नाही.

वस्तुस्थिती : एका चेंडूवरून स्वभाव कळत नाही. अर्शिनचंच उदाहरण घ्या. जून २०२३मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात त्याने नाशिकच्या संघाकडून पुणेरी बाप्पाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या, त्यात १३ षटकार होते. त्याच सामन्यात त्याने २१ धावांत ४ बळीही घेतले आणि नाशिकने एका धावेने सामना जिंकला. या एका सामन्याने त्याचं नाव सगळीकडे गेलं आणि लखनौने त्याला २० लाखांत आयपीएलच्या संघात घेतलं. ३० एप्रिल २०२४ रोजी मुंबई इंडियन्सविरुद्ध तो आयपीएलमध्ये उतरला आणि नुवान तुषाराच्या पहिल्याच चेंडूवर पायचीत झाला. ‘स्थानिक लीग ती स्थानिक लीग’ असं म्हणायला लोक मोकळे झाले.

नऊ महिन्यांच्या आत, जानेवारी २०२५मध्ये, विजय हजारे करंडकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पंजाबविरुद्ध त्याने १०७ धावा केल्या. उपांत्य फेरीत विदर्भाने ३८० धावांचा डोंगर उभा केला, तेव्हा पाठलाग करताना त्याने ९० केल्या. हरलं की घरी, अशा लागोपाठच्या दोन सामन्यांतल्या या खेळी आहेत. दडपण पेलण्याबद्दल काही म्हणायचंच असेल तर त्या एका चेंडूपेक्षा या दोन डावांकडे पाहून म्हणावं.

यामागे साधं गणितही आहे. एखाद्या फलंदाजाची सरासरी ४० आहे, म्हणजे तो चांगलाच फलंदाज आहे. प्रत्येक धावेगणिक त्याला बाद होण्याचा धोका सारखाच आहे असं धरलं, तरी पाचातल्या एखाद्या डावात तो दहाच्या आत परतणारच. लागोपाठ दोनदा असं होणं साधारण वीसात एकदा घडतं. प्रत्यक्षात नजर बसण्यापूर्वी धोका जास्त असतो, त्यामुळे हे प्रमाण आणखी वाढतं. नव्या खेळाडूच्या वाट्याला हे दोन वाईट डाव नेमके सुरुवातीला आले, तर त्यात त्याच्या लायकीइतकाच योगायोगाचाही हात असतो.

गैरसमज : आकडा तो आकडा, समोर कोण होतं याने काय फरक पडतो?

वस्तुस्थिती : खूप पडतो, पण म्हणून आकडा फेकूनही द्यायचा नसतो. किरण नवगिरे सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची. एप्रिल २०२२मध्ये नागालँडकडून पाहुणी खेळाडू म्हणून खेळताना तिने अरुणाचल प्रदेशविरुद्ध नाबाद १६२ धावा केल्या. टी-२०मध्ये दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय ठरली. स्त्री-पुरुष दोन्ही धरून पहिली. त्यावर ‘समोर अरुणाचल होतं’ असं लोक म्हणाले, आणि ते चूक नव्हतं. गोलंदाजी दुबळी होती.

पण निवड समितीने त्या खेळीतली वेगळी गोष्ट हेरली. १६२ हा आकडा दुबळ्या गोलंदाजीमुळे फुगलेला असू शकतो. उभ्या-उभ्या, पाय फारसे न हलवता, चेंडू सीमारेषेपार फेकण्याची ताकद मात्र फुगवता येत नाही. भारतीय महिला क्रिकेटमध्ये ती त्या वेळी दुर्मीळ होती. किरण मुळात अ‍ॅथलेटिक्समधून आलेली, तिच्या फटक्यामागे ते शरीर होतं. महिन्याभरात, २६ मे २०२२ रोजी, महिला टी-२० चॅलेंजमध्ये ती गहुंज्याच्या मैदानावर उतरली. पहिल्याच चेंडूवर षटकार, २५ चेंडूंत अर्धशतक, ३४ चेंडूंत ६९. दोनच दिवसांनी अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली.

पुढे भारताकडून पहिल्या ६ टी-२० सामन्यांत तिच्या मिळून १७ धावा झाल्या आणि संघातली जागा गेली. ते अपयश खरंच होतं. त्या दर्जाच्या गोलंदाजीपुढे तिच्या खेळात उणिवा होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिची ताकद कुठे गेली नव्हती. २०२३मध्ये महिला प्रीमियर लीगमध्ये यूपी वॉरियर्झकडून पहिल्याच सामन्यात तिने संघ अडचणीत असताना ५३ धावा केल्या. पुढच्या वर्षी मुंबई इंडियन्सविरुद्ध सलामीला येऊन ३१ चेंडूंत ५७ केल्या. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नागपुरात पंजाबविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना तिने ३४ चेंडूंत शतक ठोकलं. महिलांच्या टी-२० क्रिकेटमधलं ते तोवरचं सर्वांत वेगवान शतक ठरलं. न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनचा ३६ चेंडूंचा विक्रम तिने मोडला. पहिल्या खेळीत धावा किती झाल्या यापेक्षा त्या कशा झाल्या हे ज्यांनी पाहिलं, त्यांचा अंदाज टिकला.

गैरसमज : मुलाचे पाय पाळण्यात दिसतात.

वस्तुस्थिती : दिसतात, पण सगळे दिसत नाहीत. याला पॉली उम्रीगर यांच्याइतका मोठा पुरावा नाही. त्यांचं बालपण सोलापुरात गेलं आणि पंधराव्या वर्षी कुटुंब मुंबईला गेलं. फेब्रुवारी १९५२मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला, त्यात उम्रीगरांच्या नाबाद १३० धावा होत्या. त्या उन्हाळ्यात ते इंग्लंडला गेले. तिथल्या कौंटी आणि विद्यापीठ संघांविरुद्ध त्यांनी तीन द्विशतकं ठोकली. संपूर्ण दौऱ्यात त्यांच्या १,६८८ धावा झाल्या. आणि कसोटीत? चार सामने, सात डाव, एकूण ४३ धावा.

फरक होता फ्रेड ट्रूमनचा. त्या मालिकेत ट्रूमनने २९ बळी घेतले. त्याच्या वेगापुढे उम्रीगर लेग स्टंपच्या बाहेर सरकत आणि मागचे स्टंप उघडे पडत. साध्या सामन्यांतल्या द्विशतकांनी ही एक उणीव झाकून ठेवली होती, कसोटीने ती उघडी केली. मग आधीचे पाय खोटे होते का? तेही नाही. काही महिन्यांनीच, १९५३मध्ये वेस्ट इंडिजमध्ये त्यांनी पाच कसोटींत ५६० धावा केल्या. १९५५मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा काढून ते कसोटीत द्विशतक करणारे पहिले भारतीय झाले. १९५९मध्ये पुन्हा इंग्लंडला गेले, तेव्हा मँचेस्टरला शतक काढलं. त्यांच्या कारकिर्दीत ५९ कसोटी आणि १२ शतकं जमा झाली.

त्याच १९५२च्या मालिकेत लीड्सच्या एकाच कसोटीत वीस वर्षांच्या विजय मांजरेकरांनी पहिल्या डावात १३३ धावा केल्या, आणि दुसऱ्या डावात ट्रूमनने त्यांना शून्यावर त्रिफळाचीत केलं. भारताची अवस्था शून्यावर चार बाद अशी झाली होती. त्या दोन डावांतला खरा मांजरेकर कोणता, हे त्या आठवड्यात कोणीही सांगू शकलं नसतं.

गैरसमज : मग सराव सामने आणि सुरुवातीचे डाव पाहायचेच कशाला?

वस्तुस्थिती : पाहायचे, आणि नीट पाहायचे. धावफलक बाजूला ठेवला की बरंच दिसतं. पहिले वीस चेंडू पाहा. ऑफ स्टंपबाहेरून जाणारा चेंडू सोडताना फलंदाजाचं डोकं चेंडूच्या रेषेत आहे की तो नुसती बॅट मागे ओढतोय? पुढे पडलेल्या चेंडूवर पुढचा पाय टप्प्यापर्यंत पोचतो की अर्ध्यातच थांबतो? एकदा चकल्यानंतर पुढच्या चेंडूला तो तसाच सामोरा जातो की घाईने उचलून मारायला बघतो? झेल सुटलेला असेल तर त्यानंतरच्या धावा वेगळ्या मोजा. चांगल्या चेंडूवर बाद झाला असेल तर त्या शून्याला फार वजन देऊ नका, वाईट फटक्यावर बाद झाला असेल तर मात्र द्या. आणि तोच फटका, तीच चूक पुढच्या तीन-चार डावांत पुन्हा दिसते का, हे पाहा. वारंवार दिसणारी गोष्टच त्या खेळाडूची असते, एकदाच दिसलेली त्या दिवसाची.

क्वार्टरबॅकबाबतही जाणकार हेच करतात. पास पुरा झाला की नाही यापेक्षा त्याने योग्य माणूस हेरला का, चेंडू वेळेत हातातून सुटला का, हे ते तपासतात. अचूक आलेला चेंडू पकडणाऱ्याच्या हातून निसटला, तर आकडेवारीत पास फुकट गेलेला दिसतो, पण फेकणाऱ्याचं काम चोख झालेलं असतं.

केरळविरुद्धच्या त्या सामन्यातही पहिल्या षटकानंतर पुष्कळ खेळ झाला. १८ धावांत ५ गडी गेल्यावर ऋतुराज गायकवाडने ९१ धावा करून महाराष्ट्राला २३९पर्यंत नेलं. दुसऱ्या डावात तोच नवा चेंडू, तेच गोलंदाज समोर असताना शॉने ७५ आणि अर्शिनने ३४ धावा केल्या आणि पहिल्या डावातल्या आघाडीच्या जोरावर महाराष्ट्राला तीन गुण मिळाले. अर्शिनच्या १८६ आणि शून्य या दोन आकड्यांची चर्चा झाली, ३४ची कोणी केली नाही. मला विचाराल तर त्याच्या तयारीबद्दल सर्वांत जास्त सांगणारा डाव तोच होता. आदल्या डावात पहिल्या चेंडूवर गेलेला मुलगा पुन्हा सलामीला उतरला, नवा चेंडू खेळून काढला आणि संघाला पाया दिला.

हा प्रश्न सोलापूरसारख्या ठिकाणी अधिक जिव्हाळ्याचा आहे. मुंबई आणि विदर्भ वगळून उरलेल्या अख्ख्या महाराष्ट्राचा मिळून एकच रणजी संघ आहे. इथल्या मुलाला, मुलीला निवड चाचणीसाठी अडीचशे किलोमीटरवर पुण्याला जावं लागतं आणि तिथे दोन-तीन डावांतच स्वतःला सिद्ध करावं लागतं. संधी मुळातच मोजक्या, त्यात पहिल्या शून्यावरून शिक्का बसला की पुढची संधी लांबते. पहिल्या शतकावरून डोक्यावर घेतलं तर अपेक्षांचं ओझं वाढतं, तेही वाईटच. किरणला महाराष्ट्राकडून विक्रम करण्यापूर्वी नागालँडची वाट धरावी लागली होती, हे विसरता कामा नये. म्हणून निवड करणाऱ्यांनी, प्रशिक्षकांनी, पालकांनी आणि आपण प्रेक्षकांनीही एक पथ्य पाळावं. नव्या खेळाडूबद्दल मत बनवण्याआधी त्याचा किमान एक पूर्ण हंगाम पाहावा आणि तोवर कौतुक आणि टीका दोन्ही हात राखून करावी.