पोटदुखी लपवू नये

१९२४ सालच्या जानेवारी महिन्यातील गोष्ट. पुण्याच्या येरवडा तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगत असलेले महात्मा गांधी पोटदुखीने बेजार झाले. १२ तारखेस त्यांना ससून रुग्णालयात आणण्यात आले. दुखणे आंत्रपुच्छाचे, म्हणजे अपेंडिक्सचे होते. गांधीजींचा ओढा निसर्गोपचारांकडे; तरीही त्यांनी शस्त्रक्रियेस लेखी संमती दिली. कर्नल मॅडॉक यांनी त्याच रात्री शस्त्रक्रिया केली. ती चालू असतानाच विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. इतकी घाई करावी लागावी, असे हे आंत्रपुच्छ आहे तरी काय?

पोटाच्या उजव्या बाजूस खाली, जेथे लहान आतडे मोठ्या आतड्यास मिळते, तेथे करंगळीएवढी एक पोकळ शेपटी असते. तेच आंत्रपुच्छ. जुन्या पेठेतील एखादा बोळ पुढे बंद असावा, तसे त्याचे एक टोक बंद असते. मळाचा कठीण खडा अडकून किंवा आतून सूज येऊन त्याचे तोंड बुजले, की आत जंतू वाढतात व पू होतो. वेळीच उपाय झाला नाही, तर ते फुटते; पू पोटात पसरतो आणि प्राणांवर बेतते. दहा ते वीस वर्षे वयाच्या मुलामुलींत हा विकार विशेष आढळतो.

पोटदुखीचे याहून पुष्कळच साधे कारण म्हणजे बद्धकोष्ठ. पाणी कमी पिणे, पालेभाज्या टाळणे, शाळेत शौचास जाण्याची लाज वाटून वेग दाबून धरणे, यांमुळे ते जडते. मळ जितका वेळ मोठ्या आतड्यात राहतो, तितके त्यातील पाणी शोषले जाते आणि तो कठीण होतो. शौचास साफ झाले, की ही पोटदुखी बहुधा थांबते.

आंत्रपुच्छाची कळ निराळी. ती प्रथम बेंबीभोवती उठते व काही तासांत उजवीकडे खाली सरकते. ती वाढतच जाते. अन्नावरची वासना उडते, मळमळते, ओकारी होते, ताप येतो. चालताना व खोकताना कळ अधिक जाणवते. तथापि ही सर्व लक्षणे प्रत्येकात दिसतातच असे नाही. म्हणून निदान डॉक्टरांवरच सोपवावे.

पोट दुखू लागले, की एरंडेल पाजण्याची रीत पुष्कळ घरांत होती. परंतु आंत्रपुच्छ सुजले असता रेचक दिल्यास ते फुटण्याचा धोका असतो. अशा वेळी रेचक घेऊ नये, पोट चोळू नये. आईवडिलांना किंवा गुरुजींना तत्काळ सांगावे व डॉक्टरांकडे जावे.

भरपूर पाणी, भाजी-भाकरी, फळे, मैदानावरील खेळ आणि शौचाची ठरलेली वेळ यांनी बद्धकोष्ठ दूर राहते. आंत्रपुच्छाचा विकार मात्र निरोगी मुलासही होऊ शकतो. तेथे उपयोगी पडते ती वेळेवर केलेली हालचाल. गांधीजी त्या दुखण्यातून बरे झाले. ५ फेब्रुवारी १९२४ रोजी त्यांची सुटका झाली आणि पुढे चोवीस वर्षे त्यांच्या हातून देशाची सेवा घडली.