ज्येष्ठांना सायकलवरून फेरी : सुरू कशी करायची आणि टिकवायची कशी

आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. ऐंशी-नव्वदीच्या माणसांना सायकलवरून फिरवायचं? पण हा उपक्रम खरोखर सुरू झाला, टिकला, आणि आज तीसहून अधिक देशांत चालतो. तो कसा उभा राहिला हे पाहिलं की असं काम नेमकं कुठे अडतं, तेही कळतं.

गोष्ट २०१२ सालची, डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमधली. ओले कासो नावाचे गृहस्थ सायकलने कामाला जात. वाटेत एका वृद्धनिवासाबाहेर बाकावर बसलेले एक आजोबा त्यांना दिसायचे. कोपनहेगन हे सायकलींचं शहर. त्या पिढीचा अर्धा जन्म सायकलवर गेलेला. कासोंच्या मनात आलं, या आजोबांनाही पुन्हा सायकलवर बसावंसं वाटत असेल, पण आता पाय साथ देत नसतील. त्यांनी एक सायकल-रिक्षा भाड्याने घेतली, वृद्धनिवासाच्या दारात गेले आणि विचारलं, "कुणाला फेरी मारायची आहे का?" सुरुवात झाली ती एवढ्यावर. ना समिती, ना निधी.

पुढे त्यांनी नगरपालिकेला लिहिलं. तिथल्या डोर्थे पेडरसन यांनी ही कल्पना उचलून धरली आणि पालिकेने पहिल्या पाच गाड्या घेतल्या. उपक्रमाचं डॅनिश नाव 'सुक्लिंग उदन आल्डर', म्हणजे 'वयाविना सायकल'.

आता गाडीविषयी. तिला तीन चाकं असतात. आपल्या सायकल-रिक्षात चालक पुढे आणि प्रवासी मागे. इथे उलट आहे. दोन प्रवासी पुढे बसतात, चालक मागून पायडल मारतो, जोडीला विजेची मोटर असते. हा बदल किरकोळ नाही. प्रवाशासमोर कुणाची पाठ नसते, मोकळा रस्ता असतो, आणि चालकाशी सहज बोलता येतं.

इथे तुम्ही म्हणाल, माणसाने माणसाला ओढायचं? माथेरानची हातरिक्षा आठवून आम्हालाही हा प्रश्न पडला होता. फरक असा, की इथला चालक पोटासाठी राबत नाही. तो स्वयंसेवक आहे, फेरी मोफत आहे. तरीही सावध राहिलंच पाहिजे. आपण उपकार करतोय असं चालकाला वाटू लागलं, की आजी-आजोबांना ते लगेच कळतं.

मग सुरुवात कशी करायची? आपल्याकडे आधी रस्ता शोधावा, मग गाडी. कोपनहेगनला सायकलींसाठी वेगळे मार्ग आहेत. पुण्यालाही एके काळी सायकलींचं शहर म्हणत, पण आजच्या रहदारीत ही गाडी घालणं धोक्याचं. मोठं आवार, बागेचा परिसर किंवा पहाटेचा शांत रस्ता बघावा. वाटेत स्वच्छतागृह हवंच. ते नसलं तर कित्येक आजी लाजेपोटी "मला नको बाई" म्हणतात, आणि आपल्याला वाटतं त्यांना हौस नाही.

दुसरं, सराव. तीनचाकी गाडी वळणावर दुचाकीसारखी कलत नाही, म्हणून वळताना वेग कमी करावाच लागतो. आधी रिकामी गाडी चालवावी, मग एखाद्या सहकाऱ्याला बसवून, आणि स्वतःही एकदा पुढे बसून बघावं. चालकाला घाम येतो, पण पुढे स्वस्थ बसलेल्याला वारा बोचतो. म्हणून शाल किंवा पांघरूण, उन्हापावसासाठी टप, कमरेला पट्टा. घरच्यांचा फोन नंबर जवळ हवा.

तिसरं, संमती. मुलगा "न्या हो बाबांना" म्हणाला म्हणून नेऊ नये. बाबांना विचारावं. कुठे जायचं, हेही त्यांनाच विचारावं. कुणाला देवळाला बाहेरून नमस्कार करायचा असेल, कुणाला जुनी चाळ बघायची असेल. गाडी सावकाश चालली की आठवणी आपोआप निघतात. 'सावकाशपणा' आणि 'गोष्टी सांगणं' ही तर या उपक्रमाची ठरलेली तत्त्वंच आहेत.

आता मुख्य मुद्दा. सुरू करणं सोपं आहे, येत राहणं अवघड. उद्घाटनाला हार येतात, फोटो निघतात. महिन्याभराने पंक्चर कुणी काढायचं, बॅटरी कुणी चार्ज करायची, यावर गाडी अडते. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही. म्हणून एका गाडीमागे निदान तीन-चार चालक असावेत, वार ठरलेले असावेत, आणि देखभालीची जबाबदारी एकाच्या नावावर लिहिलेली असावी.

कारण इथे पणाला काय लागतं, ते बघा. मंगळवारी फेरी असेल तर एखादी आजी सोमवारीच साडी काढून ठेवते. आपण आलो नाही, कळवलंही नाही, तर ती दारात बसून राहते. आधी तिला फक्त बाहेर जाता येत नव्हतं. आता कुणीतरी येतो म्हणून आलं नाही, हेही तिच्या वाट्याला येतं. हे आधीपेक्षा वाईट.

तेव्हा आमचं सांगणं एवढंच : दहा गाड्यांचं स्वप्न नंतर बघू. एक गाडी, एक वार, चार माणसं; आणि ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी आठवणीने एक फोन. एवढं वर्षभर निभावलं, की दुसरी गाडी मागायला आपल्याला तोंड राहील.