शामियाना आणि ऊन

मुलांनो, शामियाना, कनात, तंबू हे शब्द तुम्हांला नवे नाहीत. घरी तुम्ही ते उर्दूत बोलता आणि मराठीतही ते तसेच आहेत. लग्न असो, जलसा असो की गणेशोत्सव असो, मंडप उभा राहतो, गर्दी होते आणि मग एका रात्रीत मैदान मोकळे होते. त्या कापडाचे पुढे काय होते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

मीही केला नव्हता. एके वर्षी आमच्या स्नेहसंमेलनाच्या शेवटच्या दिवशी अवेळी पाऊस आला. आम्ही घाईघाईने मंडप उतरवला आणि ओल्याच कापडाच्या घड्या घालून एका बंद खोलीत ठेवल्या. "उद्या मंडपवाले चाचा घेऊन जातील," असे मी मुलांना सांगितले. पण उद्याचे चार दिवस झाले. चाचांनी घडी उलगडली, तेव्हा पांढऱ्या छतावर काळे-हिरवे ठिपके पसरले होते आणि कुबट वास येत होता. चाचा रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "सर, याच कापडावर माझ्या घरची चूल पेटते." मी शरमलो. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी त्यांच्याबरोबर मंडप धुवायला गेलो.

ते ठिपके म्हणजे बुरशी. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत नेहमीच असतात. ओल, कोंदट हवा आणि थोडे अन्न मिळाले की ते वाढू लागतात. सुती धागा हे तर बुरशीचे अन्नच. प्लॅस्टिकचा लेप दिलेले कापड ती सहसा खात नाही. पण त्यावर साचलेली धूळ, सांडलेले सरबत आणि तेलकट हातांचे डाग तिला पुरतात. म्हणून मंडप कोणत्याही कापडाचा असला, तरी तो ओला गुंडाळू नये.

चाचांनी आधी पाण्याला हातच लावू दिला नाही. कापड कोरडे करून, झटकून, मऊ कुंच्याने धूळ काढायची. नाहीतर धुळीचा चिखल होऊन तो विणीत शिरतो. मग खाली स्वच्छ ताडपत्री पसरून त्यावर कापड अंथरायचे. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून एकेक भाग नरम ब्रशने घासायचा. जोर लावायचा नाही, कारण लेप खरवडला गेला की पुढच्या पावसात तेथूनच पाणी गळते. साबण कापडावर वाळू द्यायचा नाही. तो उरला तर त्याला नवी धूळ चिकटते, म्हणून दोनदा स्वच्छ पाणी फिरवायचे.

एका कोपऱ्यात बिर्याणीच्या हळदीचा डाग होता. साबण लागताच तो लाल झाला! मी घाबरलो, चाचा हसले. साबण अल्कधर्मी असतो आणि अल्कधर्मी पदार्थात हळद लाल होते. तो डाग त्यांनी तसाच उन्हासाठी ठेवला.

बुरशीवर त्यांनी पाणी मिसळलेला शिरका लावला. ब्लीचिंग पावडरने डाग लवकर जातो, पण रंग उडतो आणि सुती धागा कमजोर होतो. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ब्लीचिंग पावडरमध्ये शिरका किंवा संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

"आता बाकीचे काम सूरज करील," असे म्हणून चाचांनी कापड दोरावर पसरले.

हा मदतनीस आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याच्या पोटात हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते आणि प्रचंड ऊर्जा निर्माण होते. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस आहे. तेथून निघालेला प्रकाश सुमारे ८ मिनिटे २० सेकंदांनी त्या दोरावरच्या कापडावर पोहोचत होता. या प्रकाशाचा काही भाग आपल्याला दिसतो. न दिसणारे अवरक्त किरणही कापडात शोषले जातात. कापड तापते आणि पाण्याची वाफ होते. न दिसणारे दुसरे किरण म्हणजे अतिनील किरण. सूर्यप्रकाशाने जंतूंची वाढ थांबते, हे डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८७७ साली दाखवले. हळदीचा रंगही उन्हात विघटित होतो. संध्याकाळी पाहिले, तर आमचा लाल डाग जवळजवळ नाहीसा झाला होता.

पण हेच किरण धाग्याचे आणि रंगाचेही कण तोडतात. लाल शामियाना काही वर्षांनी गुलाबी का दिसतो, ते आता कळले ना? म्हणून रंगीत कापड उलटे वाळवावे आणि वाळताच उचलावे. शिवण सर्वांत शेवटी वाळते. चाचा ती गालाला लावून पाहत; गार लागली तर आत ओल आहे असे समजत. बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते, हा विज्ञानाचा धडा चाचांच्या गालाला ठाऊक होता.

उन्हाशी वैर न करणारे कापडही असते. जेद्दा विमानतळावर हाजींसाठी १९८१ साली बांधलेल्या इमारतीला तंबूंसारखी २१० छते आहेत. मूळचे बांगलादेशचे अभियंते फजलुर रहमान खान यांचा त्या रचनेत मोठा वाटा होता. छतांचे कापड काचतंतूंचे असून त्यावर टेफ्लॉनचा लेप आहे. असे कापड नवे असताना किंचित बदामी दिसते आणि उन्हातच पांढरे होते! पांढरा रंग वाळवंटातले पुष्कळसे ऊन परतवतो आणि गुळगुळीत लेपावर धूळ फारशी टिकत नाही.

चाचांचे कापड मात्र साधे सुती होते. बुरशीचे ठिपके फिके झाले, पण पूर्ण गेले नाहीत. पुढच्या संमेलनात त्यांनी तो भाग रंगमंचाच्या मागे, कोणाला दिसणार नाही असा लावला. मी तो लगेच ओळखला.