क्लाउनफिशची जोडी कशी जमते

बेळगाव-निपाणीकडे समुद्र नाही. समुद्री माशांच्या टाकीसाठी खास मीठ विरघळवून पाणी तयार करावे लागते. एवढे करून क्लाउनफिश घेताना बरेच जण ‘एक नर, एक मादी’ मागतात. पण पिल्लांत मादी नसतेच.

हा मासा प्रोटँड्रस (आधी नर, नंतर मादी होऊ शकणारा) आहे. थोरल्या जाऊबाईंमागे घरच्या चाव्या धाकटीकडे याव्यात, तशी मादी गेली की तिचा नर मादी होतो. उलट बदल होत नाही. त्यामुळे दोन वाढलेल्या माद्या एकत्र सोडल्या तर झुंज जीवघेणी ठरू शकते. ‘मरून क्लाउन’ या तापट जातीत तर फारच.

लहानमोठी दोन पिल्ले घ्यावीत. सहसा मोठे मादी होते. अंडी मुख्यतः नर राखतो.

नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची टाकीत पैदास झाली आहे. समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा टाकीत जन्मलेलीच पिल्ले घ्यावीत.