हळदीच्या कागदावरचा लाल डाग

टिपकागदाचा तुकडा हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. मग मिठाच्या पाण्याने ओला करून नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोकं त्यावर टेकवा. थोड्याच वेळात ऋण टोकाखालचा पिवळा कागद लालसर होतो आणि त्याच जागी बारीक बुडबुडे दिसतात. (धन टोकाशी किंचित क्लोरीन सुटतो, म्हणून खिडकी उघडी असू द्या.) बुडबुडे हायड्रोजनचे आहेत, लाल डाग हायड्रॉक्साइडमुळे पडलेला आहे.

पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. बॅटरीकडून इलेक्ट्रॉन आला की रेणूतला एक हायड्रोजन सुटतो. असे दोन सुटे अणू जोडी जमवून वायू होतात आणि निघून जातात. मागे उरतो ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांचा जोड, अंगावर एक ऋण भार घेऊन. हाच हायड्रॉक्साइड.

हायड्रोजन हे मूलद्रव्य आहे. हेन्री कॅव्हेंडिशने १७६६ मध्ये त्याची वेगळा वायू म्हणून ओळख पटवली. रंग नाही, वास नाही, हवेच्या चौदापट हलका. हा वायू हळदीच्या पाण्यातून कितीही सोडा, रंग बदलणार नाही. हायड्रॉक्साइड मात्र एकटा बाटलीत भरून ठेवताच येत नाही, त्याला धन भाराचा जोडीदार लागतोच. सोडियमबरोबर तो कॉस्टिक सोडा, कॅल्शियमबरोबर पानाला लावायचा चुना. पारंपरिक कुंकवाला लाली येते ती हळदीला हा चुना भेटल्यावरच.

मग हायड्रॉक्साइडचा खरा प्रतिस्पर्धी कोण? हायड्रोजन वायू नव्हे, हायड्रोजन आयन. म्हणजे आपला एकुलता एक इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन. पाण्यात तो सुटा राहत नाही, पाण्याच्याच एखाद्या रेणूला चिकटतो. लिंबाचा आंबटपणा त्याचा. ‘आम्लात हायड्रोजन, आम्लारीत हायड्रॉक्साइड’ असं वाक्य मुलांकडून घोकून घेतलं जातं, ते मला अपुरं वाटतं. हायड्रोजन कॉस्टिक सोड्यातही आहे आणि साखरेतही. त्या वाक्यातून ‘आयन’ हा शब्द गळला की सगळा अर्थच गळतो.

शुद्ध पाण्यातही हे दोन्ही आयन असतात, पण अगदी विरळ. २५ अंश सेल्सियसला पाण्याच्या सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक फुटलेला सापडतो. दोघांची संख्या सारखी, म्हणून पाणी उदासीन. एक वाढला की दुसरा त्याच प्रमाणात घटतो, दोघांच्या तीव्रतांचा गुणाकार बदलत नाही. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये यावरून मोजपट्टी बसवली. माती परीक्षणाच्या अहवालात शेतकरी वाचतात तो ‘सामू’ हाच. सामू सातावरून आठावर गेला तर फरक एकाचा दिसतो, पण हायड्रॉक्साइड दहापट झालेला असतो.

आम्ल जाळतं हे आपण जाणतो, आम्लारीची भीती मात्र पुरेशी वाटत नाही. कॉस्टिक सोडा बोटांना बुळबुळीत लागतो, कारण हायड्रॉक्साइड त्वचेवरच्या तेलाचा साबण करू लागलेला असतो. डोळ्यात चुना गेला तर तो अनेकदा आम्लापेक्षाही घातक ठरतो. आम्लाने गोठलेली प्रथिनं आम्लाचीच वाट काही अंशी अडवतात, हायड्रॉक्साइड पेशींची चरबी फोडत आत शिरत राहतो. अशा वेळी चुन्याचे कण काढून टाकत डोळा वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवा आणि तडक डॉक्टरकडे जा. चुन्याची पुडी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

सध्या बातम्यांत हायड्रोजन गाजतो आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन उत्पादनक्षमता उभी करायचं तिचं लक्ष्य आहे. विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायच्या संयंत्रांचा सर्वांत जुना प्रकार पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणावर चालतो. ऋण टोकाशी हायड्रोजन सुटतो, तिथे तयार झालेले हायड्रॉक्साइड आयन पडद्यातून पलीकडे धन टोकाकडे जातात. तिथे चार-चार मिळून ते इलेक्ट्रॉन परत करतात आणि त्यांच्यातून ऑक्सिजनचा एक आणि पाण्याचे दोन रेणू तयार होतात.