भिंतीवरचा कामदेव आणि पत्र वाचणारी तरुणी

उघड्या खिडकीपाशी उभी राहून एक तरुणी पत्र वाचत आहे. नजर खाली, पत्र दोन्ही हातांत घट्ट धरलेले, खिडकीच्या काचेत चेहऱ्याचे अस्पष्ट प्रतिबिंब. डच चित्रकार योहानेस व्हर्मीर यांनी १६५७ ते १६५९च्या सुमारास रंगविलेले हे तैलचित्र जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संग्रहालयात आहे. त्याचा अर्थ कसा लावावा, या प्रश्नाला २०२१ मध्ये नवे वळण मिळाले.

सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये घरगुती प्रसंगांची चित्रे लोकप्रिय होती. विषय साधे असले तरी त्यांतील वस्तू अनेकदा सूचक असत. अशा चित्रांतील पत्र हे बहुधा प्रेमपत्र मानले जाते. येथे पुढच्या गालिच्यावर फळांचे तबक कलंडले आहे. त्यातील फळांत काही अभ्यासकांना निषिद्ध प्रेमाची सूचना दिसली. उजवीकडचा हिरवा पडदाही अर्थपूर्ण आहे. त्या काळी चित्रांचे धुळीपासून रक्षण करण्यासाठी त्यांपुढे पडदे लावत. येथे तो पडदाच रंगविलेला असल्याने आपण कुणाचे खासगी क्षण पाहत आहोत, असा भास होतो.

तरुणीच्या मागची भिंत मात्र दीर्घकाळ रिकामी होती. त्या रितेपणात रसिकांना तिचे एकाकीपण आणि व्हर्मीर यांचा संयम जाणवत असे. १९७९ मध्ये क्ष-किरण तपासणीत भिंतीच्या रंगाखाली कामदेवाचे चित्र आढळले. व्हर्मीर यांनी स्वतःच विचार बदलून ते पुसले असावे, असा तेव्हा समज झाला.

२०१७ मध्ये जतनाचे काम सुरू झाल्यावर हा समज खोटा ठरला. कामदेवावरील वॉर्निश आणि वरचा रंगलेप यांच्यामध्ये धुळीचा थर सापडला. याचा अर्थ, चित्र पूर्ण झाल्यावर काही दशकांनी तो लेप चढविला गेला. व्हर्मीर यांचे निधन १६७५ मध्येच झाले होते. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली, धारदार पात्याने तो लेप अलगद काढण्यात आला. सप्टेंबर २०२१ मध्ये मूळ स्वरूपातील चित्र लोकांसमोर आले.

आता भिंतीवर धनुष्य घेतलेला कामदेव उभा असून, त्याच्या पायाखाली मुखवटे आहेत. मुखवटा हे कपटाचे चिन्ह. खरे प्रेम कपटावर मात करते, असा त्याचा अर्थ लावला जातो. त्यामुळे फळांवरून काढलेला निषिद्ध प्रेमाचा निष्कर्ष पुन्हा तपासावा लागतो.

ज्या शांततेची पिढ्यान्पिढ्या प्रशंसा झाली, ती भिंत व्हर्मीर यांची नव्हतीच. चित्राचा अर्थ लावताना, समोर दिसणारे सारे चित्रकाराचेच आहे ना, हे आधी पाहावे लागते, हाच या घटनेचा धडा होय. पत्रातील मजकूर मात्र आजही त्या तरुणीलाच ठाऊक आहे.