पोटमाळा टाकण्यापूर्वी

मलकापूर, खामगाव किंवा चिखलीच्या भर बाजारपेठेतील गाळा रुंद होत नाही. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत, पुढे रस्ता, मागे बोळ. धंदा वाढला, माल वाढला की दुकानदाराची नजर साहजिकच वर जाते. उंच गाळ्यात मध्ये एक पोटमाळा टाकला तर दुसरी जागा न घेता निम्मे दुकान आणखी हाती येते. पगडी नाही, नवे भाडे नाही. म्हणून बहुतेक व्यापारी बंधू थेट फॅब्रिकेटरकडे जातात. तो फुटावर भाव सांगतो, बयाणा घेतो आणि थोड्याच दिवसांत गर्डर व चॅनल चढतात.

या व्यवहारात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. माळ्यावर एकूण किती वजन येणार आणि ते कोणत्या वाटेने जमिनीत उतरणार? फॅब्रिकेटर आपल्या कामात वाकबगार असतो, पण त्याचा हिशेब लोखंडाच्या किलोवर चालतो. मालाच्या टनांचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे. नगर परिषदेत नकाशा पास करून देणारा प्रत्येक जण हे काम करतोच असे नाही, हेही लक्षात ठेवावे. आणि इंजिनिअरकडे जायचे ते लोखंड विकत घेण्याच्या आधी.

आकडेच पाहू. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात (१९८७) कोणत्या जागेसाठी किती वजन धरावे ते दिले आहे. राहत्या खोलीला दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो, किरकोळ दुकानाला ४००, घाऊक दुकानाला हिशेब करून पण किमान ६००. गोदामासाठी मालाच्या दर मीटर उंचीला २४० किलो आणि कमीत कमी ७५०. आता १२ फूट रुंद आणि १५ फूट खोल असा माळा घ्या. क्षेत्र १८० चौरस फूट, म्हणजे पावणेसतरा चौरस मीटर. राहत्या खोलीच्या हिशेबाने त्यावर सव्वातीन टन धरावे लागतात, दुकानाच्या हिशेबाने पावणेसात टन आणि गोदामाच्या हिशेबाने साडेबारा टन. जागा तीच, लोखंड मात्र सारखे पुरणार नाही.

गफलत होते ती इथेच. मालक सांगतो, "वर फक्त टेबल-खुर्ची आणि हिशेबाच्या वह्या." मग रमजान ईद येते, दिवाळी येते, लग्नसराई येते आणि तोच माळा छतापर्यंत भरतो. इंजिनिअरला वर्षातल्या सर्वांत जड दिवसाचे वजन सांगावे. दोन पैसे वाचावेत म्हणून कमी सांगणे म्हणजे डॉक्टरपासून दुखणे लपवण्यासारखे आहे.

धंद्याधंद्यातही फरक आहे. गादी-रजईचे काम करणाऱ्या मन्सुरी कारागिरांची पिंजलेली रुई जागा खाते, वजन फारसे करत नाही; पण रुईची दाबलेली एक गाठ १७० किलोची असते. हार्डवेअरवाल्यांनी तर फारच जपावे. सिमेंटची ५० किलोची गोणी साधारण सव्वातीन चौरस फूट जागा व्यापते. अशा दहा गोण्या एकावर एक रचल्या की तेवढ्याशा जागेत ५०० किलो झाले, म्हणजे फुटाला दीडशे किलोंच्या वर. दुकानाच्या हिशेबाने बांधलेला माळा फुटाला ३७ किलोंसाठी असतो. सिमेंट, फरशी, टाइल्स, खिळे आणि तारेची बंडले खालीच बरी.

आता हे वजन उतरते कुठे ते पाहू. वरच्या १८० फुटांच्या माळ्याला गोदामाचा भार आणि त्याचे स्वतःचे वजन धरून १५ टन झाले, आणि दोन रांगांत तीन-तीन असे सहा खांब दिले, तर प्रत्येकावर अडीच टन येतील असे वाटते. तसे होत नाही. कोपऱ्यातल्या चार खांबांवर प्रत्येकी दोन टनांच्या आत येते आणि मधल्या दोघांवर प्रत्येकी पावणेचार टन. गिऱ्हाइकाला अडचण नको म्हणून नेमका मधलाच खांब काढायला सांगणारे दुकानदार आहेत. दोन खांबांमधील अंतर दुप्पट झाले की गर्डरवरचा वाकवणारा जोर चौपट होतो आणि तेवढ्याच जाडीच्या गर्डरचा झोल सोळापट. खांब काढता येतो, पण मग गर्डर बदलावा लागतो आणि उरलेल्या खांबांचा पायाही.

पाया हा तर आपल्या जिल्ह्याचा खास विषय आहे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात काळी भारी जमीन आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घाटावर बऱ्याच ठिकाणी मुरूम लवकर लागतो, तरी प्रत्येक गाळ्याखाली लागेलच असे नाही. अशा जमिनीवर टाकलेला कोबा किंवा फरशी म्हणजे पाया नव्हे. सहा इंची बेस प्लेट फरशीवर ठेवून तिच्यावर पावणेचार टनांचा खांब उभा करायचा आणि एक खांब पाव इंच खचला की दोष वेल्डिंगला द्यायचा, हे बरोबर नाही. दुकानातली फरशी काढून एक खड्डा खणून माती पाहू द्या. त्यात एक दिवस धंदा बंद राहील. खारपाणपट्ट्यात आणखी एक काळजी घ्यावी. पायाच्या काँक्रीटला बोअरचे खारे पाणी वापरू नये, आतील सळई गंजते. भारतीय मानक ४५६ नुसार सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

खांब नको, गर्डर भिंतीतच घुसवू, असाही सल्ला मिळतो. जुन्या दगड-मातीच्या किंवा धाब्याच्या इमारतीत तो धोक्याचा आहे. साडेचार इंची विटेची भिंत केवळ आडोसा असते. शिवाय सामाईक भिंतीवर शेजाऱ्याचाही हक्क असतो. इमारतीच्या मूळ खांबाला किंवा बीमला तर छिन्नीही लावू नये. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून १७ जण मरण पावले. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवरील रहिवाशांचा त्या कामाशी काही संबंध नव्हता.

नकाशा मिळाला की तो फॅब्रिकेटरने जसाच्या तसा पाळावा लागतो. अमेरिकेतील कॅन्सस शहराच्या हयात रीजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ रोजी छताला टांगलेले दोन पूल कोसळले आणि ११४ माणसे गेली. मूळ आराखड्यात छतापासून खालच्या पुलापर्यंत सलग एकच सळई होती. काम सोपे व्हावे म्हणून तिच्या जागी दोन सळया करण्यात आल्या: एक छतापासून वरच्या पुलाला, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलाला. त्यामुळे वरच्या पुलाच्या नट-जोडावर दुप्पट भार आला आणि बदललेल्या जोडाचा हिशेब कोणी केलाच नाही. आपल्याकडे "साहेबांनी बोल्ट लिहिलाय, पण वेल्ड मारला तरी चालते" हे वाक्य ऐकू आले की काम थांबवून इंजिनिअरला फोन करावा.

उंचीचे गणित सोपे आहे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे पोटमाळ्याला किमान २.२ मीटर, म्हणजे सव्वासात फूट उंची हवी. खाली तेवढीच, वर तेवढीच आणि माळ्याची जाडी नऊ इंच धरली तर सव्वापंधरा फूट झाले. गाळा बारा फुटांचा असेल तर माणसाने वावरण्याचा माळा होत नाही, सामानाचा होतो. वर टिनपत्रा असेल तर मे महिन्यात तिथे कोण बसणार हेही ठरवावे. क्षेत्रावरही मर्यादा असते. संहितेत ती एक तृतीयांश आहे, पण परवानगी स्थानिक नियमावलीप्रमाणे मिळते. मुंबई व काही मोजके भाग वगळता राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. नगर परिषदेत तिच्याप्रमाणेच विचारणा करावी.

गाळा भाड्याचा असेल तर मालकाची संमती लेखी घ्यावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ नुसार मालकाच्या लेखी संमतीवाचून भाडेकरूने कायमस्वरूपी बांधकाम केले तर जागा परत मागण्यास ते कारण ठरते. मालक चुलता असला, दोस्त असला तरी कागद हवा; उद्या व्यवहार त्याच्या मुलांशी असेल. गाळा वक्फचा किंवा नगर परिषदेचा असेल तर करारनामा आधी वाचावा. जोड वेल्डऐवजी नटबोल्टचे ठेवता येतील का, हेही इंजिनिअरला विचारावे. उकलता येणारा माळा जागा सोडताना सोबत नेता येतो.

जिना दर्शनी दाराकडे उतरावा. मागच्या कोपऱ्यातला जिना आणि त्याखाली रचलेला माल, अशा दुकानात आग लागली तर वरचा कारागीर अडकतो. रुई, फोम किंवा कापडाचे दुकान असेल तर वेल्डिंगच्या दिवसांत सारा माल बाहेर काढावा. ठिणगी रुईत पडली तर तासन् तास आतल्या आत धुमसते आणि शटर पडल्यावर पेटते. काम आटोपल्यावर इंजिनिअरकडून सही केलेला नकाशा घ्यावा आणि दर चौरस मीटरला किती किलो चालते तो आकडा जिन्याच्या तोंडाशी ठळक रंगवून घ्यावा. माल चढवणारा हमाल नवा असला तरी त्याला तो दिसेल.